बिनमुहूर्ताचे दिवस

काकू कुणालाही "जेवलास का?" असं विचारत नसत. "कधी जेवलास?" असं विचारत. त्यांचं म्हणणं, "का" म्हटलं की माणूस भिडेनं हो म्हणून टाकतो, "कधी" म्हटलं की आठवावं लागतं, आणि उपाशी माणूस तिथंच अडकतो. अडकला की काकू गळ्यातली शिट्टी वाजवत आणि आतून कुणीतरी ताट घेऊन येई.

हो, शिट्टी. नाशिकच्या इंदिरानगरात त्यांचं मंगल कार्यालय होतं. यजमान गेल्यापासून त्याच ते चालवत. अंगावर कडक इस्त्रीची सहावारी, पायात पीटीचे पांढरे बूट आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी. एकदा वाजली की वाढपी पळत, दोनदा वाजली की पंगत उठे, आणि तीनदा वाजली की डीजेवाला निमूटपणे आवाज कमी करी. माहेर निफाडचं, द्राक्षाच्या मळ्यातलं. उभा जन्म शहरात काढला तरी त्यांची बोली इंचभरही हलली नाही. कार्यालय ठरवायला येणाऱ्या सुटाबुटातल्या मंडळींना त्या "लय बोलू नका, तारीख सांगा" असं तोंडावर सांगत, आणि मंडळी खरंच तारीख सांगत.

मी त्यांच्याकडे गेले ते लग्न ठरवायला नाही. (याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं. "तुझ्या लग्नाला हॉल फुकट" हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी रजिस्टर लग्न केलं तेव्हा त्या महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.) मी एका छोट्या संस्थेत समुपदेशक होते. मुंबईच्या एका ट्रस्टनं तीन वर्षांसाठी पैसे दिले होते. काम असं, की वस्तीतली जी मुलं व्यसनाच्या वाटेला लागायच्या बेतात आहेत त्यांना आधीच गाठायचं. शाळा सुटलेली, घरात रोज भांडणं, मित्र गोळ्या आणि गांजा घेणारे, हातातल्या मोबाईलवर रमी. अशा मुलांशी बोलायचं, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, गट बसवायचे. काम कळत होतं, जागा मिळत नव्हती. "व्यसन" हा शब्द कानावर पडला की घरमालक चहासुद्धा अर्धाच देत.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरं पिऊन येत्याल का इथं?"

"नाही काकू. पिण्याच्या आधीच त्यांना गाठायचं, तेच तर काम आहे."

"म्हंजी दुखणं यायच्या आधीचे डॉक्टर तुम्ही."

"साधारण तसंच."

"मग पैका कोण देतं तुम्हाला? दुखणं आल्यावर लोक गहाण टाकून देत्यात. आधी कोण देतंय?"

पुढे हाच प्रश्न मला अनेक मोठ्या ऑफिसांत विचारला गेला, फक्त तिथे तो एसीत बसून विचारत. काकूंनी मात्र उत्तराची वाट न बघता जागा दिली. भाडं नको, विजेचं बिल भरा. अटी तीन होत्या. मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय मोकळं पाहिजे. दारावर पाटी लावायची नाही. आणि कुणी उपाशी बसायचं नाही.

त्यामुळे आमचं केंद्र महाराष्ट्रातलं बहुधा एकमेव पंचांगावर चालणारं केंद्र झालं. मुहूर्त असला की आम्ही बंद, मुहूर्त नसला की आमची दुकानदारी सुरू. चातुर्मासात आमची चंगळ असे, आणि तुळशीचं लग्न लागलं की आम्ही सतरंज्या गुंडाळायला घेत असू. ट्रस्टच्या मॅडमचा एकदा मुंबईहून फोन आला. मे महिन्यात गट इतके कमी का? मी खरं तेच सांगितलं, लग्नसराई आहे. मॅडमनी माझंच लग्न समजून अभिनंदन केलं.

एकट्याशी बोलायचं असलं की मी वधूपक्षाची खोली वापरत असे. तिथे मोठा आरसा होता आणि आरशाभोवती पिवळे बल्ब. मिसरूड फुटू लागलेली पोरं आधी पाच मिनिटं केस बसवत आणि मग बोलायला लागत. आरशात बघून बोलणं त्यांना माझ्याकडे बघून बोलण्यापेक्षा सोपं जाई, हे माझ्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. गट मोठ्या हॉलमध्ये बसे, स्टेजवर. नवरा-नवरीच्या लाल मखमली सिंहासनावर कुणी बसायचं यावरून आधी हाणामारी, मग पाळी ठरली.

काकूंना मात्र गटात यायला मी बंदी घातली होती. एकदाच आल्या होत्या. बसल्या, दहा मिनिटं कळ काढली आणि मग जे सुरू झाल्या ते आईबापाच्या कष्टांपासून थेट नरकापर्यंत पोचल्या. पुढच्या वेळी निम्मी पोरं आलीच नाहीत. मी हात जोडले, म्हटलं, काकू, हे तुमचं काम नव्हे. त्या रागावल्या नाहीत. "बरं, तुझं बोलकाम तू कर" म्हणाल्या आणि त्या दिवसापासून दाराबाहेर लसूण सोलत बसू लागल्या. दार किलकिलं ठेवत. माझं एखादं म्हणणं पटलं नाही की बाहेरून जोरात खोकत. पोरांनाही ते कळायला लागलं होतं. काकू खोकल्या की ती माझ्याकडे बघून हसत.

त्यांचं एक म्हणणं मी अजून माझ्या बोलण्यात वापरते. आता मी दुसऱ्या गावात, बऱ्याच मोठ्या संस्थेत आहे, तिथेही वापरते. त्या म्हणत, "पंगतीत ज्याच्याकडं वाढपी वळत नाय, तो उठून बाहेर जातो. बाहेर त्याला वाढणारे बसलेलेच असत्यात."

तिसरं वर्ष संपत आलं आणि ट्रस्टनं कळवलं की पुढे पैसे नाहीत. त्यांचा भर आता दुसऱ्या विषयावर होता. संस्थेनं हिशेब घातला आणि मला सांगितलं, जूनपर्यंत कसंबसं ओढू, त्यानंतर केंद्र बंद. मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "बंद म्हंजी?" त्यांनी विचारलं. "ती पोरं कुठं जात्याल?" कुठे जातील ते आम्हा दोघींनाही पक्कं माहीत होतं.

मग मी दारोदार फिरले. शेवटी एका कंपनीचे साहेब केंद्र बघायला आले. सातपूरकडची कंपनी, पैसा भरपूर, साहेब सज्जन. त्यांना सगळं आवडलं. सिंहासन तर फारच आवडलं. मग म्हणाले, "मॅडम, आधीचा आणि नंतरचा असा फरक दाखवता येईल का? म्हणजे किती मुलं व्यसनातून सुटली?"

मी शब्दांची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात लसणाच्या बाजूनं आवाज आला, "धरलेली नव्हती ती, सुटत्याल कशी?"

साहेब हसले. पोरांचा फोटो घेऊ म्हणाले, मागे व्यसनमुक्तीचा फलक धरून. फलक त्यांनी छापूनच आणला होता. दोन पोरांनी तो धरला, बाकीची उभी राहिली, साहेबांनी मोबाईल वर केला आणि शिट्टी वाजली. एकदा नाही, तीनदा. काकू पीटीच्या बुटांनी ताडताड चालत आल्या आणि साहेबांचा मोबाईल आणि पोरं यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"साहेब, मी लग्नं लावती," त्या म्हणाल्या. "मुलीचा बाप स्थळ बघायला निघला की आधी काय करतो ठाऊक हाय? पोराचं नाव मोबाईलवर टाकतो. उद्या ह्यांचं लग्न ठरायला लागलं की ह्यो तुमचा फोटो वर येईल. ज्यानं आयुष्यात दारूचा थेंब नाय घेतला त्यो दारुडा ठरंल. तुमच्या पाटीपायी."

"पण काकू, काहीतरी दाखवावं लागतं ना आम्हाला वर."

"मला उभं करा. माझा काढा. म्हातारीचं लग्न मोडायचं नाय आता."

साहेबांनी काकूंचा फोटो काढला नाही. चहा घेतला, फलक गुंडाळला आणि गेले. नंतर त्यांचा फोनही आला नाही. मी खरंच चिडले होते. म्हटलं, चेहरे झाकून काढता आला असता, पाठमोरा काढता आला असता, जरा तरी धीर धरायचा. केंद्र तुमच्या तत्त्वावर चालत नाही, पैशावर चालतं. काकूंनी ऐकून घेतलं. "पैका मी आणती," म्हणाल्या. "तू पोरं सांभाळ."

आता काकूंनी पैसा कसा आणला ते सांगते, कारण तिथे आम्ही दोघींनी मिळून एक मोठी चूक केली.

आमच्या बहुतेक पोरांनी पहिला घोट घेतला होता तो मित्राच्या हळदीला. हळदीला डीजे असतो, डीजेमागे पार्किंग असतं आणि पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत सोय असते. काकूंना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, सगळं त्यांच्याच पार्किंगमध्ये होई. त्यांनी नियम काढला. हळदीला आवारात दारू सापडली तर डिपॉझिट जप्त, आणि जप्त झालेलं डिपॉझिट केंद्राला. त्यांचा मुलगा, जो धंद्याचा जमाखर्च बघे आणि आईपुढे सहसा बोलत नसे, तो म्हणाला, "आई, लोक दुसऱ्या लॉनवर जातील." काही गेलेही. पण मुहूर्त थोडे आणि लग्नं फार, त्यामुळे बाकीचे सही करून आले. आणि प्यायले. डिपॉझिटं जप्त होऊ लागली. भांडणं झाली, एका वरबापानं काकूंना वकिलाची धमकी दिली, काकूंनी त्याला ताट दिलं.

एका दुपारी सफाईवाल्याला जनरेटरच्या खोलीत बाटली सापडली. काकू ती घेऊन माझ्याकडे आल्या. "गावली!" त्यांचा चेहरा फुलला होता. मीही टाळी दिली. म्हटलं, चला, अजून एक महिना निघाला. आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाटली टेबलावर होती. कुठल्यातरी पोरानं ती रिकामी केली होती, आणि आम्हाला आनंद झाला होता.

"पोरी," काकू सावकाश म्हणाल्या, "आपण कशाला खूश झालो गं?"

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. उठल्या आणि मुलाला सांगून आल्या की उद्यापासून डिपॉझिट जप्त करायचं नाही, उलट ज्याची हळद कोरडी होईल त्याला भाड्यातही सूट. जो पाळणार नाही त्याला पुढच्या खेपेला कार्यालय नाही. म्हणजे केंद्राला त्यातून काहीच नाही. मुलगा डोक्याला हात लावून बसला.

मग त्यांनी आहेराकडे मोर्चा वळवला. हल्ली पत्रिकेवर छापतात ना, कृपया आहेर आणू नये. तरी लोक पाकीट आणतातच. खिशात असावं, वेळ आली तर द्यावं म्हणून. आणि ते तसंच घरी परत नेतात. काकू केंद्रासाठीचा डबा घेऊन जेवून निघणाऱ्या पाहुण्यांना दारात गाठू लागल्या. "आणलंय न्हवं? मग परत नेऊ नये. आहेराचं पाकीट घरी परत नेलं तर त्या घरातलं पुढचं कार्य लांबतं."

"कोणत्या शास्त्रात आहे हे?" मी विचारलं.

"माझ्या," काकू म्हणाल्या.

गुरुजी पंचवटीचे. काकूंच्या कार्यालयातल्या अर्ध्या लग्नांना तेच असत. पाहुण्यांनी त्यांना विचारलं की ते आकाशाकडे बघत आणि म्हणत, "मोठ्यांचं ऐकावं." लोक ऐकत. पाकिटं येऊ लागली, पण पाकिटांवर माझा पगार आणि केंद्राचा खर्च भागण्यासारखा नव्हता. जून जवळ आला होता.

अशा वेळी काकूंचा भाऊ आला. निफाडचा मोठा बागायतदार, गळ्यात सोन्याची साखळी, मनानं दिलदार, बहिणीवर जीव. थोरल्या मुलाचं लग्न त्यांच्याच कार्यालयात करणार होता. केंद्राचं ऐकलं आणि हसत म्हणाला, "आक्का, एवढंच व्हय? वर्षाचा खर्च माझ्याकडं. लग्न झालं की चेक." मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं. निघताना तो हळूच बोलला, "फक्त हळदीला जरा डोळंझाक कर. पाव्हणे मोठे हायेत. एका दिवसाचं काम."

काकू म्हणाल्या, "बघू." त्यांचं "बघू" मला ओळखीचं होतं. पण मी मनात देवाला म्हटलं, एक दिवस, फक्त एकच दिवस ह्यांना बघू नको देऊ.

हळदीच्या दिवशी दुपारपासूनच गाड्या लागायला लागल्या. भावाचा धाकटा मुलगा धावपळीत होता. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून घरी बसलेला, उंच, हसरा, डोळ्यांखाली काळं. तो आणि त्याचे मित्र जीपमधून द्राक्षाच्या पेट्या उतरवत होते. पाहुण्यांसाठी गावाकडची द्राक्षं, असं त्यानं दारात सांगितलं. काकू पुढे झाल्या.

"द्राक्षं?"

"हो आत्या. मळ्यातली."

"मे महिन्यात?" काकूंनी पेटीवर हात ठेवला. "अरे, माल कवाच उतरला, खरड छाटणी होऊन बी महिना लोटला. वेलीवर नुसती कोवळी पानं हायेत, द्राक्षं कुठनं काढलीस? त्याच मळ्यात वाढले मी बाळा."

बिचारा! शहरातल्या कुणालाही ही थाप पचली असती. निफाडच्या पोरानं निफाडच्याच आत्याला मारली. पेट्यांत वर कागद, कागदाखाली बाटल्या.

आता काकू शिट्टी वाजवतील, आरडाओरडा करतील असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. उद्या लग्न होतं, व्याही हॉलमध्ये बसले होते, नवरदेवाच्या घराची शोभा करायची नव्हती. वाढप्यांना खुणावलं, पेट्या वधूपक्षाच्या खोलीत नेल्या आणि स्वतः त्यातल्या एका पेटीवर बसल्या. हॉलमध्ये हळद लागत होती. सख्ख्या भाच्याची हळद, आणि आत्या आत खोलीत पेटीवर.

भाऊ आला. मी तिथेच होते.

"आक्का, पेट्या दे. पाव्हणे इचारत्यात."

"नाय."

"लोकांत माझी मान खाली जाईल."

"लोकांत मी कायच बोलले नाय. तू बी बोलू नको. सरबत दे त्यांना."

"मग त्या खर्चाचं इसर. सांगून ठेवतो."

"इसरले," काकू म्हणाल्या.

तो दार आपटून गेला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर केंद्राला कुलूप लागलं होतं. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी पदर अंगाभोवती आवळून घेतला. भाऊ त्यांना एकच होता.

थोड्या वेळानं दार ढकलून नवरदेवच आला, तोंडभर हळद. आत्याजवळ दुसऱ्या पेटीवर बसला. "बरं झालं आत्या," तो म्हणाला. "मला नकोच हुतं. पण दोस्तांना नाय कसं म्हणायचं? म्हणत्याल, लग्नाआधीच बायकोला घाबरला."

"माझं नाव सांग," काकू म्हणाल्या. "सांग, आत्या खवीस हाय. सांग, तिनं पेट्या दडपल्या. माझ्या नावावर जेवढं खपतंय तेवढं खपव."

मी इतकी वर्षं गटांमध्ये पोरांना 'नाही' कसं म्हणायचं ते शिकवत होते. नाही म्हणायला एखादं खवीस माणूसही पाठीशी लागतं हे मला तिथे कळलं.

लग्न झालं. चेक आला नाही. भाऊ निघताना बहिणीला न सांगता गेला. जून आला तशी संस्थेची माणसं सामान न्यायला आली. काकूंनी त्यांना जेवायला घातलं आणि हात हलवत परत पाठवलं. मग त्यांनी ती गोष्ट केली जी करणार नाही असं त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. चातुर्मासात कार्यालय साड्यांच्या सेलला भाड्यानं दिलं. जिथे अक्षता पडतात तिथे बाजार भरवायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. आता स्टेजच्या खाली हँगरवर साड्या लटकल्या आणि आमचा गट स्टेजवर, पडद्याआड. काकू पहिल्या दिवशी सेलकडे फिरकल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या गिऱ्हाइकांना रंग सुचवू लागल्या. सेलचं भाडं थेट केंद्राला जाई. माझा पगार निम्मा झाला, पण पैशापायी केंद्र एक दिवसही बंद राहिलं नाही.

श्रावणात, एका बिनमुहूर्ताच्या दुपारी, भाऊ आला. एकटा नव्हता, धाकटा मुलगा सोबत होता. मान खाली. डोळ्यांखालचं काळं आता गालांवर उतरलं होतं. भाऊ खुर्चीच्या कडेवर टेकला. मग म्हणाला, "आक्का, हा ऐकत नाय कुणाचं. घरातनं पैसे जात्यात."

काकूंनी एका शब्दानंही मागचं काढलं नाही. मला हाक मारली. मी मुलाला आत नेलं, आरशासमोर बसवलं. काय बोललो ते त्याचं नि माझं. त्याला पाणी हवं होतं म्हणून मी तांब्या आणायला बाहेर आले, तेव्हा भाऊ चेकबुक काढून बसला होता.

"किती लिहू?" तो म्हणाला. "ह्याचं जे काय व्हईल ते लिहितो. लय महाग असलं तरी चालंल."

"ह्याचे एकट्याचे नको लिहू," काकू म्हणाल्या.

"मग?"

काकूंनी पडदा बाजूला केला. स्टेजवर पोरं बसली होती, एक सिंहासनावर, बाकीची सतरंजीवर, कशावरून तरी हसत होती.

"तुझा एकटा सुधरून काय करतो? आत बोलून बाहेर पडला की संध्याकाळी त्याला कोण भेटणार हाय? असलीच पोरं भेटणार. त्यांचं काय झालं त्यावर तुझ्याचं ठरणार. सगळ्यांचे लिही."

भाऊ त्या पोरांकडे बघत राहिला. डोळे पुसले, चष्मा लावला आणि लिहायला लागला. काकू शेजारी उभ्या राहून चेकवर वाकल्या.

"तारीख आजची टाक," म्हणाल्या.